तलावाची किल्ली

रेवी,

दूध काढून आलास की आधी खा. अंडी ओव्हनमध्ये झाकून ठेवलीत.

काल शाळेच्या बोर्डाच्या बैठकीत पोहण्याचा तलाव बुजवायचं ठरलं. तीन मतं इकडे, तीन तिकडे होती. सातवा हात माझा. दुकानात कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितेय.

मी तलावाच्या पायरीवर पाण्याची बादली ठेवून मोजत होते. आठवड्यात बादलीतलं पाणी बोटभर उतरलं, तलावातलं वीतभर. उन्हानं उडतं ते बोटभरच; बाकीचं लहान मुलांच्या वर्गाखाली मुरतंय. तीनदा मोजलं. एकदा तरी आकडा बदलावा, असं फार वाटत होतं.

तुझ्या बाबांनी तो तलाव तेव्हाच्या बाकीच्या पालकांबरोबर फावड्यानं खणलाय, म्हणून आत्ता त्यांच्याकडेच गेलेय. ते जे बोलतील ते ऐकून घेईन.

“बोर्डावर खुशाल निवडून जा, पण तलावाला हात लावलास तर कोचावर झोपशील,” असं तू म्हणाला होतास. उशी मी कोचावर नेऊन ठेवलीय.

तलावातलं पाणी शनिवारी सोडून देणार आहेत. राग थोडा उतरला तर शाळेनं घरटी दिलेली तलावाची किल्ली खुंटीवर आहे, ती आपली किल्ली घे आणि आज चारला तलावावर ये. टॉवेल मी दोन घेतलेत.

मोराग