क्लच नसलेली बस

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. डिचोली.

अजून डोक्यातून जात नाही. डेपोत आज विजेच्या बसचं प्रशिक्षण होतं आणि माझं नाव यादीत नव्हतं. विचारलं, तर शिकवायला आलेले साहेब म्हणाले, “काका, पंचावन्नच्या वरच्यांनी डिझेलवरच राहायचं. त्या गाड्या मोडीत जातील तेव्हा तुम्हीही निवृत्त व्हाल.”

म्हणजे मीपण मोडीत? तीस वर्षं वास्कोची बस चालवतोय. म्हटलं, चावी द्या, एक फेरी मारतो. साहेबांनी दिली आणि स्वतःही गाडीत बसले.

गाडी सुरू झाली तरी आवाजच नाही. डावा पाय आपला क्लच शोधतोय, रिकामा पत्रा दाबतोय. मागे बसलेले तरुण ड्रायव्हर हसले. सर्वण गावापर्यंत तो पाय काही ऐकेना. शेवटी सीटखाली ओढून घेतला आणि चढ चढलो. धूर नाही, धक्का नाही. आवडली मला गाडी, खोटं कशाला लिहू?

परत आल्यावर साहेब म्हणाले, “चालवलीत बरी. पण यादी कधीच पुरी झालीय.”

“मगे माझा नाव मीच लिवतंय,” म्हटलं.

त्यांच्यासमोर सगळ्यात खाली नाव लिहिलं. पुढे वयही लिहिलं, ठळक अक्षरात. सत्तावन्न.