दादाच्या पायांशी वाटाणे

२ नोव्हेंबर
आलो एकदाचे नव्या घरात! दोनच खोल्या, पण तळमजला. दादाची चाकांची खुर्ची रस्त्यावरून थेट आत. ना पायरी, ना उंबरा. बाहेरच्या खोलीत त्याचा पलंग, आत स्वयंपाकघरात माझं शिलाई मशीन. खिडकी भली मोठी आणि दिसतं काय, तर शेजारची भिंत. दादा म्हणाला, बरं झालं, सोबतीला कुणीतरी माझ्यासारखंच एका जागी बसलेलं आहे. वायरमनचं काम करताना परांचीवरून पडला, त्याला वर्ष झालं. कमरेखाली काही कळत नाही, पण जीभ शाबूत आहे.

आधीचे भाडेकरू झाकणाचा एक टब, माशांच्या टाकीला असतो तसला हवेचा पंप आणि लांबडा दिवा सोडून गेलेत. घरमालकीण काकू म्हणाल्या, वापरा, नाहीतर भंगारात द्या. दादाचे डोळे चमकले. घरात बिनमातीचे वाटाणे लावायचे म्हणे!

६ नोव्हेंबर
भिजवलेल्या वाटाण्यांना ओल्या फडक्यात छान मोड आले. टबाच्या झाकणाला भोकं होतीच. त्यात जाळीचे पेले, पेल्यांत भाजक्या मातीच्या गोळ्या, त्यात एकेक मोडाचा दाणा. खाली खताचं पाणी आणि पंपाचे बुडबुडे. वायरी दादाने पलंगावर बसूनच जोडल्या. पक्कड मागितली, मी भलतीच दिली, तर खेकसला माझ्यावर. किती महिन्यांनी खेकसला! मी खूश.

२५ नोव्हेंबर
टब दादाच्या पायांशी ठेवलाय, त्याला बघता यावं म्हणून. वेल पलंगाच्या कठड्यापर्यंत चढला. त्याचे तणावे दोऱ्यासारखे बारीक, पण सापडेल ते घट्ट धरतात. तीन आठवड्यांच्या आतच पांढरी फुलंही आलीत! दादा त्यांच्याशी गप्पा मारतो. माझ्यापेक्षा ती बरं ऐकून घेतात म्हणे.

३० नोव्हेंबर
दादा एवढ्याने ओरडला की मी मशीन टाकून धावले. एका तणाव्याने त्याच्या पायाच्या अंगठ्याला वेढा घातला होता. “कळतंय गं! गुदगुल्या होतायत!” दोघं गळ्यात पडून रडलो. डॉक्टरांना फोन केला. चांगलं लक्षण आहे, घेऊन या म्हणाले.

८ डिसेंबर
डॉक्टरांकडे यायला दादा तयार नाही. ताट तसंच परत येतं. भूकच नाही म्हणतो, आणि गाल तर भरलेत. पाय टबात सोडायचा हट्ट धरला. मला नाही म्हणवेना. झाकण जरा सरकवलं, पाय पाण्यात गेले आणि त्याची बोटं हलली. खरंच हलली. देवाकडे बघावं तशी मी त्या टबाकडे बघत राहिले.

पाणी मात्र फार संपतं. सारखं भरावं लागतं.

१३ डिसेंबर
त्या दिवसापासून दादा पाय टबाबाहेर काढूच देत नाही. आज झाकण उचललं. पांढरी मुळं त्याच्या नखांखालून आत गेलीत. पोटरीपर्यंत कातडीखाली, टाके घालत गेल्यासारखी. मी शिवणारी बाई, मला टाका ओळखता येतो. कात्रीने एक मूळ कापलं. दादा किंचाळला. रक्त मुळातून आलं.

त्याने माझं मनगट धरलं. तोडू नकोस म्हणाला, पुन्हा ओंडका होऊन पडायचं नाही मला.

मी कात्री ठेवून दिली. काय करू?

१५ डिसेंबर
पंप बंद करून पाहिला. दादा निळा पडला, श्वास घेईना. धडपडत चालू केला. म्हणजे आता त्याचा जीव त्या —

१६ डिसेंबर
आता तोच रडतोय. काप म्हणतोय. पाय माझं ऐकत नाहीत, दुसऱ्याच कुणाचं ऐकतात, म्हणाला. पांघरुणाखाली गुडघे वर-खाली, वर-खाली —

फोन त्याच्या उशाशी होता, आता पानांखाली. बाहेरच्या दारावरही वेल. कडी कुठे आहे तेच दिसत नाही.

१७ डिसेंबर
कात्री घेऊन गेले. दादाने चादर तोंडात कोंबली, मान डोलावली, काप. मुळं मांडीपर्यंत पोचलीत. कापत होते — रक्त, सगळं रक्त — मग तणाव्यांनी कात्रीच धरली. माझ्या हातातून ओढली.

पळाले. सख्ख्या भावाला सोडून पळाले.

स्वयंपाकघरात आहे. कडी घातलीय. खिडकीला गज. काकूंना हाका मारून घसा बसला. कुणी येत नाही.

दुपार
दादा जिवंत आहे. पलंगावरून बोलतोय, अगदी हळू. कडी काढू नकोस. काही झालं तरी —

फाटल्याचा आवाज. जाड कापड दोन्ही हातांनी फाडावं तसा. दादा रे, माझ्या दादा —

पावलं. ओली. एक पाय, दुसरा पाय. वर्षभर मी याच आवाजासाठी —

दाराशी थांबली.

दादा अजून बोलतोय. पलंगावरूनच. तिथूनच. तो मी नाही म्हणतोय, ते नुसते पाय —

दार हल