परीक्षेपुरतं पथ्य

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंदाही पास झालो बरं का! कारखान्याच्या वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉल एकशे शहाण्णव, दोनशेच्या आत. म्हणजे आणखी वर्षभर क्रेनची केबिन माझीच. नेहमीसारख्या पंधरा दिवस उकडलेल्या भाज्या गिळल्या, तळणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तुझी भावजय म्हणते, शाळेत एवढा अभ्यास केला असता तर साहेब झाला असता. निकाल लागला त्या संध्याकाळी मात्र आडवा हात मारला.

एक दाढ तेवढी छळते. शिडी चढताना ठणकते, वर जाऊन बसलं की थांबते. उपटून टाकीन म्हणतो.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा,
ढब्बू

९ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. अरे गाढवा, रक्त म्हणजे काय घोकून लिहायची उत्तरपत्रिका आहे? मी प्रयोगशाळेत रोज जगाचं रक्त तपासते, आणि माझाच भाऊ असले उद्योग करतो! पथ्याने आकडा तेवढ्यापुरता उतरतो. वर्षभर तुझ्या अंगात वाहतं ते रक्त त्या कागदावर नाहीच. चांगल्या कोलेस्टेरॉलचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो कळव.

आणि दाढ चढतानाच कशी दुखते रे? आई सांगायची, आपल्या अण्णांचाही जबडा जिना चढताना दुखायचा. गेले तेव्हा तुझ्याच वयाचे होते. आता पथ्य न करता, रोजचं जेवत राहून, एका सकाळी उपाशीपोटी रक्त दे. आणि दातांच्या नाही, हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.

उत्तराची वाट पाहते आहे, उशीर करू नकोस.
तुझी,
ताई

१८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, आता खूश? बिनतयारीचा निकाल दोनशे अठ्ठेचाळीस. त्यात चांगलं फक्त बत्तीस, तिथे चाळीस तरी हवं म्हणे. पण डॉक्टरांनी आकड्यांपेक्षा जबड्याचंच जास्त विचारलं. सरकत्या पट्ट्यावर चालवलं आणि मध्येच मशीन बंद केलं. आता नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघायच्या म्हणतात.

घरी बोललो नाही, कारखान्यातही नाही. केबिन गेली की मी कोण गं? एवढी ऑर्डर निघू दे, मग बघू. कुणाला सांगशील तर माझी शपथ आहे.

राग सोड, माया ठेव.
तुझा,
ढब्बू

२२ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

शपथबिपथ मी मानत नाही. वर तुझ्या छातीत कळ आली तर खाली टनभर लोखंड लोंबकळत असेल आणि त्याखाली माणसं. त्यांना कुणाची शपथ घालणार आहेस? मी उद्या तुझ्या बायकोला सगळं लिहिणार. त्याआधी तू सांग. मग जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, चालेल मला. पण जन्म तर असू दे रे.

जीव टांगणीला लागलाय.
तुझी,
ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिच्या हाती पडायच्या आधीच मी सांगून टाकलं. ओरडली नाही, नुसती माझी बाही धरून उभी राहिली. मग फोरमनकडे जाऊन केबिनची किल्ली ठेवली. माझ्या जागी नवा गडी बसलाय. हात बरा आहे मेल्याचा, फक्त उचलताना हिसका देतो. मी खाली उभा राहून पाहत होतो. इतकी वर्षं काढली, पण क्रेन खालून केवढी दिसते ते कधी बघितलंच नव्हतं. रडू आवरेना.

तीन रक्तवाहिन्या तुंबल्यात. गुरुवारी बायपास आहे. भेटायला येईल त्याला हसत सांगतो, नळ साफ करायला दिलेत. हिलाही तेच सांगतो. तुला खोटं लिहवत नाही. ताई, मला फार भीती वाटते गं. तू ये.

तुझा,
ढब्बू