शुक्रवारची वही

प्रिय पिल्ला,

सत्तावीस वर्षांच्या माणसाला पिल्लू म्हणू नये हे मला कळतं, पण हे पत्र तुझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा चालवून घे. फोन हाताशी असताना आईने एवढं लांबलचक पत्र कशाला लिहावं, असं तुला वाटेल. फोनवर पलीकडून "हं, बोल" असं आलं की माझं निम्मं सांगायचं राहून जातं. कागद मध्ये बोलत नाही. आज शाळेला सुट्टी आहे, तुझे बाबा केस कापायला गेलेत, म्हणजे तिथे बसून दोन वर्तमानपत्रं संपवल्याशिवाय काही परत येत नाहीत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऐसपैस बसले आहे.

तिसरीचा वर्ग याही वर्षी माझ्याच गळ्यात पडला. चौतीस मुलं आहेत आणि आवाज सत्तर जणांचा. यंदा मी त्यांना एक वेगळी वही घालून दिली. दर गुरुवारी शेवटच्या तासाला त्या वहीत एक पान लिहायचं. घराबद्दल, शाळेबद्दल, काल काय झालं त्याबद्दल, मनात येईल ते. शुक्रवारी वही घरी जाते, आई नाहीतर वडील सही करतात, सोमवारी परत येते. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते, बाकी कशाला हात लावत नाही. गुरुवारची संध्याकाळ माझी या वह्यांवर जाते आणि खरं सांगू का, आठवड्यात मला त्याहून चांगली संध्याकाळ नसते. एकाने लिहिलं, "माझा भाऊ सहा महिन्यांचा आहे. त्याचा अजून काही उपयोग नाही." एकीने लिहिलं, "माझी आजी आजोबांना अहो म्हणते. आजोबा तिला काहीच म्हणत नाहीत, नुसते खोकतात, मग ती येते." दातांच्या डॉक्टरांची मुलगी लिहिते की बाबा सगळ्या गावाचे दात बघतात, पण तिचा हलणारा दात बघायला त्यांना वेळ नाही. त्या सोमवारी वही परत आली, तेव्हा सहीखाली डॉक्टरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दात बघितला."

या वर्गात एक मुलगी आहे, तिला मी मनातल्या मनात खोडरबर म्हणते. एक ओळ लिहिते, दोन खोडते. तिच्या वहीला जागोजागी भोकं पडलेली असतात. बोलते अगदी बेताचं, पण तिचं लक्ष सगळीकडे असतं. तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी तिचं पान मी उघडलं, तर त्यावर एकही खाडाखोड नव्हती. मला ते पाठच झालंय, म्हणून तसंच उतरवते. "माझे बाबा विम्याच्या ऑफिसात आहेत. ते रोज टाय लावून जातात. पण मी व्हॅनमधून बघितलं, ते पेट्रोल पंपासमोरच्या दुकानात बसून सोफा शिवत होते. टाय खिशात होता, थोडा बाहेर आला होता. मी चार वेळा बघितलं. त्यांना छान शिवता येतं. हे आईला माहीत नाही. म्हणून मी घरी सांगत नाही, इथे लिहिते."

इथे लिहिते. मी चष्मा काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी ती वही सहीसाठी तिच्या आईच्या हातात जाणार होती. सहीचा नियम माझाच, आणि त्या पोरीच्या डोक्यात तो आलाच नव्हता. तिच्या लेखी ती वही म्हणजे मी होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी एवढ्या विश्वासाने काही सांगितलं नव्हतं, आणि नेमकं ते सांगितलेलं मीच तिच्या घरी पोचवणार होते.

शुक्रवारी मी मुख्याध्यापिकांना सांगितलं की वह्या तपासून झाल्या नाहीत, यावेळी घरी पाठवत नाही. चक्क खोटं बोलले. मधल्या सुट्टीत खोडरबरला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तुझं पान मी वाचलं. वही घरी गेली की आई वाचेल. काय करू या?" तिचा चेहरा आधी पडला. मग तिने बराच वेळ विचार केला. शेवटी म्हणाली, "बाई, तुम्हीच ठरवा. माझी सुट्टी संपत आलीये." आणि पळाली. मोठ्या माणसांना एवढ्या सहज ओझं खाली ठेवता येत नाही.

मी शनिवारी बाबांची आरामखुर्ची रिक्षात घातली. तिचं कापड तसंही फाटलं होतं, पण बाबांना ते आजवर दिसलं नव्हतं. त्यांनी खूप कुरकुर केली, आता मी बसू कशावर म्हणून. पेट्रोल पंपासमोरचं दुकान तू असताना नव्हतं. पुढे उघडा फळीचा ओटा, आत पोट फाडून ठेवलेले सोफे, सगळीकडे काथ्या आणि कापसाचे पुंजके. एक म्हातारे मालक आणि त्यांच्या शेजारी, गुडघ्यावर गादी घेऊन, हातात दाभण धरून खोडरबरचे वडील. मी त्यांना पालकसभेत दोनदा पाहिलं होतं. त्यांनीही मला ओळखलं आणि हातातली दाभण कुठे लपवावी ते त्यांना कळेना.

मालक खुर्ची ठेवायला आत गेले तेव्हा खोडरबरचे वडील हळूच म्हणाले, "बाई, आमच्या पोरीला यातलं काही कळू देऊ नका." मी म्हटलं, "अहो, मला तिनेच वहीत लिहून सांगितलंय. शाळेची व्हॅन याच रस्त्याने जाते." मग ते दाभण गादीत खोचून ओट्यावर बसले. नंतर आपणहून सांगू लागले. विम्याची इथली शाखा सात आठवड्यांपूर्वी बंद झाली. त्याच्या आधी कधीतरी घरची खुर्ची दुरुस्तीला आणली होती, तेव्हा इथे तासभर बघत उभे राहिले होते. नोकरी गेली त्या दिवशी घरी जायचा धीर होईना, पाय आपोआप इकडे वळले. म्हाताऱ्यांनी काही न विचारता हातात दाभण दिली. "अठरा वर्षं कागद इकडचे तिकडे केले," ते म्हणाले, "संध्याकाळी आज काय केलं ते कोणाला दाखवता यायचं नाही. आता खुर्ची दाखवता येते." मग घरी का दाखवत नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, "बायकोला कसं सांगू? तिच्या माहेरी सगळ्यांना जावई ऑफिसात आहे असंच माहीत आहे. दहा वेळा तोंडापर्यंत आलं, बाई. जेवढे दिवस जातात, तेवढं अवघड होतं." मी त्यांना उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं की वह्या मी सोमवारपर्यंत अडवून धरू शकते, त्यापुढे नाही.

सोमवारी पहिल्या तासाला वर्गाच्या दाराशी खोडरबरची आई उभी. ती औषधांच्या दुकानात काम करते, दुकानाचा पांढरा कोट अंगात तसाच होता. मला वाटलं, आता ही मला विचारणार, आमच्या घरात नाक खुपसायचं तुम्हाला काय कारण. तर ती म्हणाली, "बाई, वही द्या. सही करायची राहिली आहे."

तिने व्हरांड्यातल्या बाकावर बसून ते पान वाचलं, दोनदा वाचलं, आणि हसायला लागली. म्हणाली, "बाई, सात आठवडे मी यांच्या पँटच्या घड्यांमधून काथ्या झटकतेय. विम्याच्या ऑफिसात काथ्या कुठून येणार? बोटांना टोचलेलं दिसत होतं. मी दुकानातून मलम आणून न बोलता कपाटात ठेवलं, यांनी न बोलता लावलं." मी विचारलं, मग विचारलं का नाहीस? तिने सांगितलं ते मला फार लागलं. तिचा नवरा लग्न झाल्यापासून कधी शीळ घालत नव्हता, आणि या सात आठवड्यांत संध्याकाळी जिना चढताना शीळ घालत यायचा. आपण विचारलं तर ती बंद पडेल, या भीतीने ती गप्प राहिली होती. रविवारी दुपारी त्याने सगळं सांगितलं. हिने मला माहीत आहे म्हटल्यावर अर्धा तास तो रागावून बसला होता, की माहीत होतं तर मला एवढे दिवस तो टाय कशाला लावू दिलास. पोरगी आतल्या खोलीतून ओरडून म्हणाली, "मला पण माहीत होतं." मग तिघांनाही हसू आवरेना.

सही करून झाल्यावर ती लगेच उठली नाही. पेनाचं टोपण लावत म्हणाली, "बाई, माझं चुकलं असं मला आता वाटतं. मी त्यांनी सांगायची वाट बघत होते. मला वाटत होतं की मी त्यांना सांभाळून घेतेय. पण त्यांना कुठे माहीत होतं की मी वाट बघतेय? त्यांना वाटत होतं ते एकटेच आहेत." एवढं बोलून ती दुकानाला उशीर होतोय म्हणून भराभरा निघून गेली. मी वर्गात जाऊन सतराचा पाढा घेतला आणि त्यात दोन ठिकाणी चुकले. मुलांनीच दुरुस्त केला.

त्यापुढच्या गुरुवारी खोडरबरने लिहिलं, "आता आमच्या घरात गुपित नाही. म्हणून लिहायला काही उरलं नाही. तरी लिहिते." आणि पुढे पानभर, बाबा आता टाय न लावता जातात, आई मंगळवारी त्यांचं काम बघायला गेली, तिने एका सोफ्यावर बसून बघितलं आणि तो डावीकडून जरा उंच आहे असं सांगितलं, बाबांनी तो परत उसवला. या पानाला नेहमीसारखी भोकं होती. खुर्ची मात्र झकास झाली आहे. बाबा तिच्यात बसले की हाक मारूनही उठत नाहीत.

त्या बाईचं बोलणं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. मला तू आठवतोस, चौथीतला. गाण्याच्या पथकातून तुला काढून टाकलं होतं आणि आठ दिवस तू घरी "आज सराव आहे" सांगून मैदानाच्या पायऱ्यांवर एकटा बसून राहायचास. अरे, मी त्याच शाळेत शिकवत होते. गाण्याच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून मला तुझं दप्तर आणि तुझी पाठ दिसायची. मी ठरवलं, त्याने आपणहून सांगावं. तू सांगितलं नाहीस, दिवस गेले, विषय संपला. मी स्वतःला फार समजूतदार समजले होते. त्या आठ दिवसांत तुला पायऱ्यांवर काय वाटत असेल, हे मला त्या बाकावर बसलेल्या बाईने कळवलं, अठरा वर्षांनी.

म्हणून आता वाट न बघता लिहिते. तू नोकरी सोडलीस हे मला गेले तीन महिने माहीत आहे. तुझा फोन लागत नव्हता म्हणून मी ऑफिसात केला होता, तिथल्या मुलीने सांगितलं. मी बाबांना बोलले नाही, त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून. परवा जादा पांघरूण काढायला कपाटावर हात घातला, तर तिथे वर्तमानपत्राखाली तुझ्यासाठी विणलेल्या स्वेटरचं पार्सल. ऑफिसातून परत आलेलं, दीड महिन्यापूर्वीचा शिक्का. मला मात्र बाबांनी "मिळालं त्याला" असं सांगितलं होतं. मी ते काढून काल संध्याकाळी टेबलावर ठेवलं. ते बघत राहिले आणि म्हणाले, "तुला कधीपासून?" मी म्हटलं, "तुमच्या आधीपासून." म्हणजे आपण तिघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून बसलो होतो. तू का सोडलीस, की तुला सोडावी लागली, आता दिवसभर काय करतोस, काही करतोस की नुसता बसून असतोस, हे आम्ही विचारत नाही. तुला वाटेल तेव्हा सांग, नाही वाटलं तर नको सांगूस. आम्हाला माहीत आहे, एवढंच तुला माहीत असावं म्हणून हे पत्र. या खेपेला पार्सल तुझ्या खोलीच्या पत्त्यावर पाठवतोय, पत्ता बाबा स्वतःच्या हाताने लिहिणार आहेत. रविवारी नेहमीसारखा फोन कर. ऑफिसातल्या गमती सांगायची गरज नाही, त्या सांगताना तुझा आवाज दमतो.

तुझीच, अजिबात न रागावलेली,
आई