ट्रॅक्टरचं झाकण

आप्पा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. परवा तर हँगरमध्ये सगळ्यांदेखत भांडले. समोर तुम्ही नव्हतात, भिंतीवर तुमचा हार घातलेला फोटो होता. त्याच्याखाली उभा राहून तुमचा पट्टशिष्य मला शांतपणे सांगत होता, "ताई, आप्पांचीच युक्ती हाय ही. ते असंच करायचे." त्याच्या हातात ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं झाकण होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो बिचारा पन्नाशीचा माणूस, माझं ओरडणं मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला वाटलं, बाईंचं डोकं उन्हानं तापलंय.

झालं असं की, आपल्या फ्लाइंग क्लबचं दोन सीटचं विमान महिनाभर तापत होतं. जमिनीवर सगळं ठीक, पण वर चढायला लागलं की काटा लाल रेषेकडे. आणि जो तो मला एकच सांगे: मीटर खोटं बोलतंय, सेन्सरची अर्थिंग घासा. हे वाक्य तुमचं. एकदा कधीतरी अर्थिंगची तार खरंच सैल निघाली होती, तुम्ही ती घासून घट्ट केलीत आणि काटा खाली आला. तेवढ्या एका दिवसाच्या पुण्याईवर तुम्ही जन्मभर जगलात. मी म्हटलं, मीटर खरं बोलतंय असं धरून चला. दुसरा तापमापक लावला, आकडा तोच आला. रेडिएटरची जाळी स्वच्छ होती, नळ्या कुठे चेपल्या नव्हत्या. मग इंजिन पूर्ण गार होऊ दिलं आणि पाण्याची टाकी उघडली. टाकी निम्मी रिकामी आणि शेजारची बाटली काठोकाठ भरलेली. म्हणजे तापलेलं पाणी बाटलीत जात होतं, ते परत येत नव्हतं आणि त्याच्या जागी हवा शिरत होती. मूळ झाकण पाण्याला दाबून धरतं, म्हणून ते सहजी उकळत नाही. टाकीवर होतं ते ट्रॅक्टरचं; ते त्याच तोंडावर चपखल बसतं, पण फार लवकर दाब सोडून देतं. ट्रॅक्टर तापला तर बांधावर उभा करून बिडी ओढता येते. विमानाला बांध नसतो, आप्पा.

मीटर खरं बोलतंय, हे मी तुम्हाला पूर्वी विमान असंच तापलं तेव्हाही सांगितलं होतं. मी चोवीस वर्षांची आहे, डिप्लोमा करून तुमच्याच हाताखाली आलेली. बाटलीत बुडबुडे दिसतायत, टाकी उघडून बघू या, असं मी म्हणते. प्रशिक्षक सर शेजारीच उभे आहेत. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "लय शिकली का? मीटर खोटं बोलतंय. पुस्तक वाचून इंजिन नाय कळत." मग तुम्ही अर्थिंग घासता, सकाळच्या गारव्यात पाच मिनिटं इंजिन चालवता. काटा लाल रेषेकडे जात नाही, त्या थंडीत तो जाणारच नव्हता. काम तुम्ही केलंत आणि सही मला करायला लावलीत. मूळ झाकणाचं रबर फाटलं होतं, नवं यायला तीन आठवडे लागणार होते, म्हणून तुम्ही पिंपळगावच्या दुकानातून ट्रॅक्टरचं आणून बसवलं होतं, हे मला चौकशी संपल्यावर कळलं. सर ते विमान घेऊन उडाले आणि दिंडोरीच्या अंगाला इंजिन जाम झालं. सरांनी विमान द्राक्षाच्या मांडवात उतरवलं. तारा आणि अँगल यांच्यात त्यांचा गुडघा गेला. पुन्हा ते कधी उडाले नाहीत.

चौकशीत तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. चौकशीच्या आदल्या दुपारी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर जेवत होतात, आणि मी दारात उभी राहून विचारलं, "आप्पा, तुम्ही सांगणार ना त्यांना?" तुम्ही घास संपवलात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "सही कोणाची हाय?" आईचा हात परातीत थांबला. ती म्हणाली, "अहो, पोर हाय तुमची." तुम्ही आणखी भाजी मागितलीत. त्या भाजीचा मला अजून राग येतो. कुणाचा बाप त्या क्षणी भाजी मागतो?

सही माझी, म्हणून मला दोन वर्षं हँगर बंद झालं. तेवढे दिवस मी एकलहऱ्याला एका ठेकेदाराकडे वीजकेंद्राचे पंप उघडत बसले, आणि इकडे तुम्ही 'आप्पा' म्हणून मोठे होत गेलात. शेवटच्या आजारपणात तुम्ही तुमचा पान्यांचा डबा माझ्याकडे सरकवलात, म्हणालात, "घे, तुझाच हाय." पाने मला बाजारात मिळाले असते. मला एक वाक्य हवं होतं. ते तुम्ही गिळून गेलात, आणि मागे ठेवलीत ती तुमची युक्ती. ती आता तुमच्या शिष्याच्या हातून पुढच्या माणसाचा गुडघा मोडायला निघाली होती. या वेळी निभावलं ते काटा बघून वेळीच खाली उतरणाऱ्या पायलटमुळे.

उद्या सकाळी मी सगळ्यांना बसवून सांगणार आहे की सरांचा गुडघा या झाकणानं मोडला आणि ते आप्पांनी बसवलं होतं. मग फोटो राहील की उतरेल, ते त्यांचं ते ठरवतील. पण सांगायचं तर पूर्ण सांगावं लागेल, आणि तिथेच हात अडतो आहे. लॉगबुकात चुकीची नोंद गिरवून झाकायची नसते. तिच्यावर एक रेघ मारायची, ती वाचता आली पाहिजे, आणि खाली बरोबर काय ते लिहायचं. म्हणून वरचं एक वाक्य मी खोडत नाही, त्यावर रेघ मारते आहे. झाकणाचं मला चौकशीनंतर कळलं नाही. सही करायच्या आधी मी ते टाकीवर पाहिलं होतं आणि ओळखलंही होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही सरांना म्हणालात, "आजपासून सही आमच्या इंजिनिअरची." तुम्ही मला पहिल्यांदाच इंजिनिअर म्हणालात. मला इतका आनंद झाला की मी गप्प बसले.