गंगूचे माहेर, अंबरपेठ

मी मालनबाई, कै. लक्ष्मणराव ढगे यांची पत्नी, वय अंदाजे साठ, राहणार अंबरपेठ, हैदराबाद, अक्कल शाबूत असताना आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवते. छातीचे दुखणे आहे, पण डोके ठीक आहे; वकील केशवराव यांनी उलटसुलट विचारून खात्री करून घेतली. भीती मात्र आहे, ती लपवत नाही.

माझा एकुलता मुलगा प्रतापराव सरकारी कारकून. आता राज्याचे तुकडे होत आहेत, त्यात त्याची बदली औरंगाबादला झाली. दिवाळी होताच तो बायकोला, म्हणजे माझ्या सुनेला, गंगूला घेऊन जाईल. इथे तो तिच्या अंगावर धावला की मी मध्ये पडते. आईवर हात टाकायची लाज त्याला अजून आहे. तिथे मध्ये कोण पडणार? 

१. अंबरपेठेतले घर माझ्या अंगावरचे सोने मोडून घेतलेले, माझ्याच नावावर आहे. ते गंगूला देते. हे तिचे सासर समजू नये. तिचे आईबाप, भाऊ कोणी उरले नाही, म्हणून हे माहेर.

२. माहेर म्हटले की न्यायला मुराळी हवा. शेजारचे निवृत्ती यांना गंगू दर भाऊबीजेला ओवाळते. त्यांनी मुराळी होऊन संक्रांतीला आणि पंचमीला औरंगाबादला जावे व तिला इकडे आणावे. माझ्या मरणाची वाट पाहू नये. केशवराव म्हणतात, असे मृत्युपत्रात चालत नाही. न चालो, लिहा म्हटले. मुराळ्याला दारातून परत पाठवले तर चार लोकांत नाव जाते, आणि प्रताप चार लोकांना फार भितो. गंगू समोर दिसल्याशिवाय निवृत्तींनी पाणीसुद्धा पिऊ नये. ती निजली आहे म्हणाला, तर उठेपर्यंत बसावे.

३. यजमानांची शिसवी काठी जाळावी. प्रतापला देऊ नये. ती माझ्या पाठीवर पडायची तेव्हा तो दाराआड उभा राहून रडायचा. पुढे रडेनासा झाला. मला वाटले, पोर मोठे झाले.

४. देव, पितळी भांडी आणि नांदेडकडचे शेत प्रतापला. पोटचा आहे, तोडता येत नाही.

एवढे गंगूला वाचून दाखवले, तर तिने माझा हातच धरला. "आत्याबाई, माझं नाव नका घालू. त्यांना मालूम झालं तर मला जित्ती ठेवणार नाहीत."

मी म्हटले, "घर तुझं झालं की तुला कोण काढतो?"

केशवरावांनी चष्मा काढला. "मालनबाई, ती खरं बोलतेय. तिला मूलबाळ नाही. नव्या कायद्यानं तिच्या मागं हे घर नवऱ्याकडंच जाईल."

पोरीला आसरा द्यायला गेले आणि तिच्याच जिवावर उठले असते. म्हणून पुढचे कलम.

५. घर गंगूला तिच्या हयातीपुरते. तिच्या मागे प्रतापला किंवा त्याच्या दुसऱ्या बायकामुलांना त्यातली वीटही मिळू नये. मग तिच्या मरणाचे कारण कोणी ताप सांगो, स्टोव्ह सांगो की विहीर. निवृत्तींनी ते घर मार खाऊन बाहेर पडलेल्या बायांसाठी उघडे ठेवावे. बाई कोणत्या जातीची, कोणती भाषा बोलते, विचारू नये.

दुसरे कलम निवृत्तींना आजच सांगावे; बाकीचे सारे माझ्या मागे वाचावे. पाचवे कलम मात्र आजच, प्रताप कचेरीतून आला की केशवरावांनी त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. तो चिडेल. मला त्याच्या रागाची धडकी भरते, तरी वाचावे. गंगू मेली तर आपल्या हाती काही लागत नाही, हे त्याला ती जिवंत असतानाच कळलेले बरे.

सही: मालनबाई लक्ष्मणराव ढगे
साक्षीदार: केशवराव, वकील
साक्षीदार: पार्वतीबाई, सुईण (अंगठा)
अंबरपेठ, हैदराबाद. ता. २६ ऑक्टोबर १९५६