सहावं चाक

प्रिय केरिन,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "आई, लेथ घेतला का शेवटी?" आणि दोन्ही वेळा मी "हो, हो, छान आहे, तुझ्याकडे उकाडा कसा आहे?" म्हणून विषय उडवला. तुझा बाबा शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो, फोनचा आवाज त्याच्यासाठी मोठा केलेला असतो, आणि त्याच्या देखत त्याच्याबद्दल मी काय बोलणार? म्हणून पत्र लिहायला बसले आहे. तो क्लबात गेला आहे. किती वर्षांनी तुला पत्र लिहितेय कोण जाणे, अक्षर लावून घे.

लेथपासून सुरुवात करते. इन्व्हरमेचं घर सोडताना बाबाचा धातू कापायचा मोठा लेथ त्याच्या छोट्या रेल्वे-इंजिनांच्या क्लबाला देऊन टाकला, हे तुला माहीत आहे. तो उचलायला चार माणसं आणि भरपूर शिव्या लागल्या. या नव्या घराला गॅरेज एवढंसंच, त्यात गाडी, कपडे धुण्याचं यंत्र आणि तुझ्या लहानपणाची खोकी. तेव्हा टेबलावर मावेल असा लहान लेथ घ्यायचा ठरलं. केरिन, मी आयुष्यात दोन घरं, पाच गाड्या आणि एक नवरा निवडला, पण एवढा गोंधळ कशातच झाला नव्हता! बाबाचा कारखान्यातला जुना जोडीदार मर्व्ह रोज सकाळी यायचा आणि त्याला म्हणायचा, "नेव्ह, जुना इंग्लिश लेथ घे, डोळे मिटून घे. नवीन म्हणजे नुसते डबे असतात." दुपारी क्लबातला कॉलिन यायचा. "त्या म्हाताऱ्याचं ऐकू नकोस हं नोलीन. जुना घेतलास तर नेव्ह वर्षभर लेथच दुरुस्त करत बसेल, इंजिन राहील बाजूला." मला दोघांचंही पटायचं. मर्व्ह गेला की मर्व्हचं, कॉलिन गेला की कॉलिनचं.

तुझा बाबा मात्र गप्प बसायचा. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं होतं. एरवी हा माणूस स्क्रू घ्यायला गेला तरी दुकानदाराशी वाद घालून येतो. शेवटी कॉलिनचा विजय झाला आणि नवा लेथ आला. आणि खोक्यातून काढल्या काढल्या कळलं की इंजिनाचं चाक त्यात बसतच नाही, खाली घासतं! मर्व्हला काय आनंद झाला म्हणून सांगू. पण त्यानेच जाड पोलादी ठोकळा कापून आणला, तो लेथच्या फिरत्या डोक्याखाली घालून ते उंच केलं. मग मूठ फार बारीक, बाबाच्या बोटांत येईना, म्हणून जुन्या लेथची मूठ क्लबातून परत मागून आणली. शेजारणीला आवाज नको म्हणून माझी पोहण्याच्या वर्गाची रबरी चटई खाली गेली. उजेडासाठी माझा शिवणाचा दिवा गेला. आता तो लेथ निम्मा दुकानातला आणि निम्मा आमच्या घरातला आहे.

इंजिनाचं तर तुला तोंडपाठ आहे. रेल्वेच्या कारखान्यात ज्याच्यावर त्याने हात काळे केले तेच इंजिन, आपल्या जुन्या कुत्र्याएवढं करून. बॉयलरची क्लबात चाचणी झाली, शिक्का मिळाला. सहापैकी पाच चाकं मोठ्या लेथवर झाली होती, एकच उरलं होतं. ईस्टरच्या रविवारी ते बागेतल्या रुळावर धावायचं होतं, आणि क्लबाच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या फेरीला बनवणाऱ्याच्या घरचं माणूस बसतं, म्हणजे मी. मी निळी टोपीसुद्धा आणून ठेवली.

आणि नव्या लेथवरचं पहिलंच काम, ते सहावं चाक, त्याने बिघडवलं. मधलं भोक मोठं झालं. आसावर चाक घट्ट बसायला हवं, ते गरागरा फिरायला लागलं. मी चहा घेऊन गेले तर हा हातात चाक धरून उभा, लेथ चालूच. मर्व्ह आला, मुठीजवळच्या आकड्यांच्या डायलकडे बघितलं आणि खो-खो हसला. तू लगेच ओळखशील, पण मला त्याने दोनदा समजावलं. जुन्या लेथवर डायल दहा घरं फिरवली की भोक दहानेच मोठं व्हायचं. नव्यावर कापणारं टूल दहा पुढे जातं, म्हणजे दोन्ही बाजू मिळून भोक वीसने वाढतं. "लेथ बदलला की प्रत्येक टर्नर एकदा ही माती खातोच," मर्व्ह म्हणाला. "मी पितळेचा अख्खा सिलिंडर घालवला होता." कॉलिननेही आपला एक किस्सा सांगितला. भोकात बारीक नळी बसवून भागलं असतं म्हणे, पण ठिगळ लावलेलं चाक तुझा बाबा लावेल का? सगळे हसले. तो पण हसला, पण सगळे हसायला लागल्यावर.

नंतर भांडी पुसताना तो म्हणाला, "नोलीन, मला डायलचं माहीत होतं गं. कॉलिनने सांगितलं होतं. मी स्वतः खडूने लेथवर लिहिलं होतं." मी गॅरेजमध्ये जाऊन बघितलं. लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरात, मुठीच्या अगदी वर.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. खडूने लिहिलेलं माणूस वाचत नाही, असं होतं ना? हात सवयीने चालतात, चाळीस वर्षांची सवय. हे लेथमुळे झालं की त्याच्यामुळे? तो मांजराला आधीच्या मांजराच्या नावाने हाक मारतो, पण ती मीही मारते. त्याने एकदा चहात दोनदा साखर घातली. मी चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधते. मग आम्ही दोघंही कामातून गेलो की दोघंही ठीक आहोत? एक दिवस मला खात्री वाटते की काही नाही, म्हातारपण आहे. दुसऱ्या दिवशी तो मर्व्हला "तू कुठल्या खात्यात होतास रे?" विचारतो, आणि दोघं कारखान्यात एकाच बाकावर काम करत होते, केरिन. मग म्हणतो, "चेष्टा करत होतो." करत असेलही. तो चेष्टेखोर आहेच.

मर्व्हला काय वाटलं देव जाणे, त्याने न विचारता डायलसाठी नवी कडी करून आणली. तिच्यावर जुन्या लेथसारखेच आकडे कोरलेत. "आता डोळे मिटून काम कर लेका, तुझा जुनाच लेथ आहे असं समज," म्हणाला. किती माया केली त्याने! आणि मला मात्र धस्स झालं. कारण आता लेथला बोल लावायला जागाच उरली नाही. ओतीव, अजून न कापलेलं चाक एकच जास्तीचं होतं, ओतणाऱ्याने भट्टी बंद केली आहे. ते शेवटचं चाक लेथवर चढणार, आणि जे काय असेल ते त्यात दिसणार.

पण ते चाक हरवलं. कडी बसवली त्याच दिवशी हरवलं. तुझ्या बाबाने गॅरेज उलटंपालटं केलं, तुझी खोकी उघडली, गाडीच्या सीटखाली हात घातला. कॉलिनला फोन केला, क्लबातल्या मोठ्या लेथखाली शोधून आला. ईस्टर येऊन गेला. दुसऱ्या कोणाचं तरी इंजिन धावलं, आम्ही बाकावर बसून सॉसेज खाल्ले. काल नाश्त्याला त्याने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "नोलीन, खरं सांग. मी ते चाक तुझ्याकडे दिलं होतं का? मला काहीच आठवत नाही." मी म्हटलं, "नाही रे." मग तो उठला, फोनपाशी गेला आणि त्याने स्वतःच डॉक्टरची वेळ घेतली. फोन ठेवून म्हणाला, "केरिनला सांगू नकोस. चाक कुठे ठेवलं तेसुद्धा आठवत नाही म्हटल्यावर आता मलाच कळलंय काय चाललंय ते."

ते चाक पिठाच्या डब्यात आहे, केरिन. मीच ठेवलं. जोवर ते लेथवर चढत नाही तोवर तो ठीक आहे, एवढंच माझ्या मनात होतं. आणि त्याला वाचवायला गेले, तर त्याला खात्री पटवून बसले. आता ते काढून दिलं तर त्याला कळेल की मी काय केलं, आणि नाही दिलं तर तो डॉक्टरसमोर बसून माझं पाप स्वतःच्या नावावर सांगेल. म्हणून आज तो घरी आला की डबा त्याच्यापुढे ठेवणार आहे. रागावेल. रागावू दे, हक्क आहे त्याचा. पण तो चाक कापेल तेव्हा तू ये. मर्व्ह असला तर चूक झाकून त्याला सांभाळून घेईल, आणि मला तर डायलच कळत नाही. तू लहानपणी बाबाच्या शेजारी स्टुलावर उभी राहून लेथ शिकलीस, त्याचे हात तुला ठाऊक आहेत. ये आणि त्याच्याजवळ उभी राहा, आणि जे दिसेल ते मला स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगू नकोस. त्यालाच सांग. त्याच्या पाठीमागे खूप झालं आता.

तुझीच,
आई